‘कळलं न्हाई’ म्हणणारी रोहिणी

चुडाव्याच्या पंडित गेटमनची रोहिणी बावीस वर्षांची होईपर्यंत एक शब्द दिवसातून शंभरदा म्हणत आली, आणि तो शब्द म्हणजे ‘हो’. गुरुजींनी गणित समजावलं, हो. मावशीनं लांबलचक निरोप सांगितला, हो. बँकेतल्या साहेबानं चार कागद पुढं सरकवून भराभरा काहीतरी सांगितलं, त्यालाही हो. कळलेलं असो नाहीतर डोक्यावरून गेलेलं असो, रोहिणीचं हो ठरलेलं. बरं, पोरगी मठ्ठ म्हणावी तर तसंही नाही. न कळलेलं ती गुपचूप घरी न्यायची आणि पुस्तकात डोकं घालून कळेपर्यंत त्याचा पिच्छा पुरवायची. परभणीच्या कॉलेजात बीएस्सीला फिजिक्समध्ये पहिली आली ती अशीच. सगळं कळायचं तिला, फक्त थोडं उशिरा आणि एकटीला.

ही सवय तिला आईनं लावली, आणि आईला नावं ठेवायच्या आधी पुढचं ऐकून घ्या. आई म्हणजे कुसुमबाई, गावातली अंगणवाडी चालवणारी बाई. रोहिणी पाचवीत असताना तिनं एकदा वर्गात हात वर करून ‘गुरुजी, कळलं न्हाई’ म्हटलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, की ह्यांना कशाला कळायला पाहिजे, ह्यांना न कळताच नोकऱ्या मिळतात. सगळा वर्ग हसला. गुरुजी हसू दाबत फळ्याकडं वळले. पोर रडत घरी आली. कुसुमबाईनं तिचं तोंड धुतलं, भाकरी वाढली आणि समोर बसवून सांगितलं, की झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याला लोक दुसऱ्यापेक्षा दुप्पट बारकाईनं बघतात, त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नको. न कळालं तर घरी ये, आपण दोघी मिळून बघू, पण चारचौघात तसं म्हणू नको. आता त्या माउलीनं खोटं काय सांगितलं होतं? त्याच झाकल्या मुठीच्या जोरावर रोहिणी चुडाव्यातून परभणीला आणि परभणीतून थेट विमानापर्यंत पोचली.

विमानाचं असं झालं, की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर सरकारी योजनेचा कागद लागला होता. मागासवर्गीय मुलामुलींना वैमानिक व्हायचं शिक्षण, खर्च सरकारचा. पोरं तो कागद वाचून हसत पुढं जायची. रोहिणीनं तो दोनदा वाचला, मोबाईलमध्ये फोटो काढला आणि अर्ज भरून मोकळी झाली. लेखी परीक्षा झाली, डोळे-कान तपासून झाले, मुलाखत झाली, आणि एक दिवस पत्र आलं. स्टेशनाच्या वाटेवर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या चंद्रभानला तर कळेना की हसावं का अभिनंदन करावं. त्यानं विचारलं, विमानाला किती गिअर असतात, आणि वर गेल्यावर ब्रेक फेल झाला तर काय करतात. रोहिणी त्यालाही ‘हो’ म्हणाली.

ते विमान बघितलं असतं तर चंद्रभान आणखी हसला असता. रेल्वेनं एक रात्र लागेल इतक्या लांबच्या एका फ्लाइंग स्कूलमधलं ते शिकाऊ विमान. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढंच. पुढं एक पंखा, आणि दार असं, की आपटल्याशिवाय लागायचं नाही, आपल्याकडच्या काळ्यापिवळ्या जीपसारखं. पण रोहिणीचा हात त्याच्यावर पहिल्या पंधरवड्यातच बसला. शिकवणाऱ्या कॅप्टन नीलम पंधरा वर्षं हेच काम करत होत्या आणि उगाच कुणाचं कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनीसुद्धा इतर पोरांदेखत सांगितलं, की विमान उतरवावं कसं ते हिच्याकडं बघून शिका. बाकीचे धाडकन चाकं आपटायचे. रोहिणी अशी टेकवायची की खाली आलो हे चाकांच्या आवाजावरूनच कळावं.

गाडं अडलं ते तोंडापाशी.

विमान चालवणं म्हणजे नुसते हातपाय चालवणं नव्हे. धावपट्टीजवळच्या टॉवरमध्ये एक साहेब बसलेले असतात. कोण आधी उतरणार, कोण मागं थांबणार, कुणी कुठं वळायचं, हे ते रेडिओवरून सांगतात. वैमानिकानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांची खात्री पटते. कळलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं, म्हणजे पुन्हा सांगा. पुस्तकातलं हे पान रोहिणीला तोंडपाठ होतं, परीक्षेत त्यात तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. पण टॉवरमधले साहेब भरभर इंग्रजी बोलायला लागले, की तिच्या तोंडून ‘रॉजर’ निघून जायचं. रॉजर म्हणजे ऐकलं. म्हणजे आपलं जुनंच ‘हो’, फक्त कोट घालून आलेलं. नीलम मॅडम शेजारी बसलेल्या असायच्या, त्या सांभाळून घ्यायच्या, आणि दिवस निघून जायचा.

उड्डाणाच्या एकविसाव्या तासाला मात्र दिवस तसा निघाला नाही. धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची आणि उतरायचं, हा रोजचा सराव चालला होता. टॉवरनं एका दमात तीन गोष्टी सांगितल्या. तुमचा नंबर दुसरा, एक विमान लांबून सरळ उतरायला येतंय, ते नजरेला पडल्याशिवाय वळू नका. रोहिणीच्या कानात पहिली गोष्ट शिरली, उरलेल्या दोन वाऱ्यावर गेल्या. ती म्हणाली ‘रॉजर’ आणि रोजच्या जागी आली तशी वळली. टॉवरनं तिला हटकलं तोवर पंख कललेला होता. नीलम मॅडमनी झटकन विमान आपल्या हातात घेतलं, सरळ केलं, वर काढलं. उजवीकडून दोन इंजिनांचं एक विमान आलं आणि खालून धावपट्टीकडं निघून गेलं. अंतर बरंच होतं असं मॅडम नंतर म्हणाल्या, पण रोहिणीला त्याच्या शेपटावरची अक्षरं वाचता आली होती.

खाली आल्यावर मॅडमनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर परवडलं असतं. त्यांनी तिला हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, सावलीत उभं केलं, काय चुकलं ते पाच मिनिटं शांतपणे सांगितलं आणि विचारलं, “समजलं?”

“हो मॅडम.”

“मग मी आत्ता काय सांगितलं ते सांग बघू.”

रोहिणीला एवढंच आठवलं, की मॅडमनी ‘समजलं?’ असं विचारलं होतं. त्याच्या आधीचं मॅडमचं एक अक्षर आत गेलं नव्हतं.

“मग हो का म्हणालीस?”

याचं उत्तर द्यायचं तर पाचवीच्या वर्गापासून सुरुवात करावी लागली असती. मॅडमनी तिच्या फाइलमध्ये तिच्यासमोरच लिहिलं, की एकटीला सोडण्याजोगी नाही. मग त्यांनी आठ दिवस घरी जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर मोठे कॅप्टन, म्हणजे सगळ्या शिकवणाऱ्यांचे वरिष्ठ, स्वतः तिची परीक्षा घेणार होते. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “तुझे हात चांगले आहेत, म्हणूनच मला भीती वाटते. ज्यांचे हात कच्चे असतात ते घाबरून विचारतात तरी.”

त्या स्कूलचा नियम असा होता, की पंचवीस तासांच्या आत एकट्यानं उड्डाण झालं नाही तर नाव पुनर्विचाराला जायचं. पुनर्विचाराला गेलेली दोन पोरं रोहिणीनं बघितली होती. दोघंही बॅगा घेऊन गेली, ती परत दिसली नाहीत. आता तिच्याकडं चार तास उरले होते आणि फाइलमध्ये ते एक वाक्य होतं.

चुडाव्याच्या स्टेशनावर उतरली तेव्हा चंद्रभान कपबशा विसळत होता. त्यानं बॅगेकडं बघितलं आणि विचारलं, की इतक्यातच वापस कशी काय. सुट्टी आहे असं ती म्हणाली. ती चार पावलं पुढं गेल्यावर मागं बाकड्यावर कुणीतरी म्हटलं, की काढून दिली असंल, आपल्या लोकांचं तिथं काय काम. बोलणाऱ्याच्या जिभेला काय हाड असतं होय. घरी कुसुमबाईलाही तिनं सुट्टीच सांगितली. आईनं कौतुकानं शेवग्याच्या शेंगा केल्या, शेजारणीला बोलावून लेकीच्या गणवेशावरच्या पट्ट्या दाखवल्या. लेकीनं तो गणवेश घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडलांचा डबा घेऊन फाटकावर गेली. पंडितला रेल्वेच्या फाटकावर तेवीस वर्षं झाली होती. शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. फाटकाशेजारी एक खोली, खोलीत स्टेशनाशी जोडलेला फोन, एक वही आणि दोन झेंड्या, एवढा त्याचा संसार. गाडी निघायची झाली की स्टेशन मास्तर फोनवरून गाडीचा नंबर आणि दिशा सांगणार. पंडित ते परत म्हणून दाखवणार, फाटक लावणार, कुलूप घालणार, मग फाटक बंद झाल्याची खूण म्हणून ठरलेला एक आकडा मास्तरला देणार. तो आकडा मिळाल्याशिवाय गाडी पुढं सोडायची नाही. रोहिणी लहानपणापासून हे बघत आली होती आणि म्हणूनच तिनं ते कधी नीट बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मास्तर नवे होते, आंध्राकडचे. हिंदी बोलायचे पण अशी, की शब्दाला शब्द चिकटलेला. त्यात फोनमध्ये खरखर. उसाचे दोन ट्रॅक्टर आणि एक पांढरी चारचाकी फाटकाशी येऊन थांबली. अजून फाटक उघडंच होतं, पण पंडितनं हात आडवा करून सगळ्यांना अडवून धरलं होतं. दुसऱ्या हातात फोन.

“साब, समझ्या न्हाई. फिरसे बोलो,” तो म्हणाला.

पलीकडून पुन्हा तेच. पंडित पुन्हा म्हणाला, समझ्या न्हाई. चारचाकीतला माणूस हॉर्नवरून हात काढेना. तिसऱ्यांदा पंडितनं तेच म्हटलं तेव्हा त्यानं काच खाली करून विचारलं, की एवढंसुद्धा कळत नाही तर सरकार तुला पगार कशाचा देतंय. ट्रॅक्टरवाले हसले. पंडितनं तिकडं मान वळवली नाही. चौथ्या वेळी त्याला गाडी कळली. त्यानं नंबर आणि दिशा सावकाश परत म्हणून दाखवली, फाटक लावलं, आकडा दिला, वहीत लिहिलं. गाडी गेली. फाटक उघडताना त्यानं चारचाकीवाल्याला नेहमीसारखा नमस्कारही घातला.

रोहिणीचे कान तापले होते. तिला चारचाकीवाल्याचा राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगायचं तर तिला बापाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा राग आला. डबा उघडता उघडता ती बोलून गेली, “बाबा, लोकांसमोर चार-चारदा समझ्या न्हाई म्हणता तुमी. कसंतरी वाटत न्हाई का?”

पंडितनं भाकरीचा तुकडा मोडला. वाटायचं, तो म्हणाला, पहिल्या साली लय वाटायचं. मग त्यानं लेकीला जी गोष्ट सांगितली ती त्यानं कुसुमबाईलासुद्धा कधी धड सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या साली तो इथून लांब, दुसऱ्याच एका फाटकावर होता. मास्तर भरभर काहीतरी बोलले. पुन्हा विचारलं तर म्हणतील, कुठून भरून आणलाय असला माणूस. म्हणून हा ‘जी साब’ म्हणाला. रोजची पॅसेंजर असेल, तिला अजून अवकाश आहे, अशा हिशेबानं फाटक लावायच्या आधीच आकडाही देऊन बसला. आली मालगाडी. रुळावर त्याच वेळी कडब्याची बैलगाडी चढलेली, वर सरजाबाई नावाची एक म्हातारी बसलेली. बैलांनीच उडी घेतली म्हणून वाचली. गाडीचं मागचं टोक आणि इंजिन यांच्यात हातभर जागा राहिली असेल. कुणाला काही कळलं नसतं. पण पंडितनं दुसऱ्या दिवशी आपण होऊन साहेबाकडं जाऊन कबूल केलं आणि झाली ती शिक्षा भोगली.

“समझ्या न्हाई म्हणलं तर माझी इज्जत जाती, माय,” तो म्हणाला. “गप बसलो तर दुसऱ्याचा जीव जातो. इज्जतीचं काय, ती सांजच्याला वापस येती.”

मग रोहिणीनं सगळं सांगितलं. टॉवर, रॉजर, ते दोन इंजिनांचं विमान, शेपटावरची अक्षरं, फाइलमधलं वाक्य. बोलता बोलता रडली. पंडितनं उपदेश केला नाही. त्यानं एकच गोष्ट विचारली, की तो टॉवरमधला साहेब तुला दिसतो का. ती म्हणाली, न्हाई, नुसता आवाज येतो. तेव्हा तो म्हणाला, मग माझ्यापेक्षा सोपं हाय, मला तर चारचाकीवाला बी दिसतो.

आणि त्या बापलेकीनं पुढचे सहा दिवस जे केलं ते कुठल्या स्कूलात शिकवत नसतील. पंडित दोन गाड्यांच्या मधल्या वेळात खोलीच्या आतून गाड्यांचे नंबर, वेळा, स्थानकं, मध्येच तुरीचा भाव, सगळं एकात एक कालवून सपाट्यानं बोलायचा. रोहिणीनं बाहेर उभं राहून, मोठ्यानं, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘समझ्या न्हाई, फिरसे बोलो.’ पहिल्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच निघेना. दोन मोटारसायकलवाले थांबले होते. ‘हो’ मात्र आपोआप दोनदा निघालं. पंडितनं ते धरलं आणि तिलाच विचारलं, मग सांग बघू, पूर्णा स्टेशन किती वाजता सोडलं गाडीनं. तिला कुठलं येतंय. दुसऱ्या दिवशी पुटपुटली. तिसऱ्या दिवशी तिनं असं ओरडून म्हटलं, की रुळापलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बायांनी माना वर केल्या. चौथ्या दिवशी एका मोटारसायकलवाल्यानं हसून विचारलं, की पोरगी बहिरी हाय का. रोहिणीनं मागं वळून त्यालाच म्हटलं, की समझ्या न्हाई, फिरसे बोलो. तो गडी खाली मान घालून फाटक उघडायची वाट बघत राहिला.

आपल्याकडं धाडस म्हटलं की लोकांना वाघ मारलेला लागतो. पण बावीस वर्षं मिटलेली मूठ चारचौघात उघडायची आणि तिच्यात काही नाही म्हणून दाखवायचं, याला काय कमी काळीज लागतं? आणि तेसुद्धा अशा माणसानं, ज्याच्या एका चुकीची वाट बघत लोक बाकड्यावर बसलेले असतात. रोहिणीचं खरं शिक्षण त्या फाटकावर झालं, बाकीचं सरकारी खर्चानं.

परत गेल्यावर मोठ्या कॅप्टननी तिला तिसऱ्याच दिवशी बोलावलं. पिकलेल्या मिशांचे, तोंडातल्या तोंडात बोलणारे गृहस्थ. पोरं त्यांना इतकी टरकायची की ते समोरून आले तर वाट बदलायची. वर गेल्यावर दुसऱ्या फेरीला ते काहीतरी पुटपुटले. रोहिणी म्हणाली, “सर, कळलं नाही. पुन्हा सांगा.” ते पुन्हा पुटपुटले. तिनं पुन्हा तेच म्हटलं. या माणसाला आजवर कुणी दोनदा विचारलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वच्छ सांगितलं, की इंजिन मंद कर, बंद पडलंय असं समजून उतरवून दाखव. तिनं शब्दन्शब्द परत म्हटला आणि उतरवून दाखवलं.

धावपट्टीच्या कडेला त्यांनी विमान थांबवायला लावलं. पट्टा सोडला, इंजिन चालू असतानाच खाली उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा नीट आवळून बांधला आणि टोपी हातानं दाबून धरत म्हणाले, “एक फेरी. मारून ये.” दार दोनदा आपटल्यावर लागलं.

एकटीला घेऊन विमान उठलं ते तिच्या अंदाजाच्या आधीच. शेजारचं ओझं गेलेलं, त्यामुळं ते भराभर वर चढायला लागलं. रोहिणीला क्षणभर हसू आलं आणि लगेच मावळलं, कारण उजवीकडं बघितलं तर तिथं कुणी नव्हतं. वर गेल्यावर सावरणारा हात नाही, चुकलं तर कंट्रोल घेणारं कुणी नाही. तिनं उंची बघितली, वेग बघितला, वळली, पुन्हा वळली. धावपट्टी डाव्या हाताला खाली दिसायला लागली. इथवर सगळं नेहमीसारखं झालं.

तेवढ्यात टॉवर बोलला. एका दमात, नेहमीच्या वेगानं. त्यात तिचा नंबर दुसरा एवढं तिला कळलं. पुढं एक विमान, कुठलीतरी दिशा, कुठलीतरी अट, आणि संपलं. रोजची वळायची जागा जवळ येत होती. त्या रेडिओवर त्या घटकेला आणखी चार विमानं ऐकत होती. खाली ऑफिसात मोठा स्पीकर होता, त्याच्याभोवती होस्टेलची सगळी पोरं जमलेली असणार, हेही तिला माहीत होतं. बटण दाबलं आणि जीभ आपल्या जुन्या वाटेनं निघाली. ‘रॉ’ एवढं तिच्या तोंडून गेलंसुद्धा.

तिथं तिनं जीभ चावली. आणि म्हणाली, “से अगेन.”

टॉवरनं पुन्हा सांगितलं, त्याच वेगानं, थोड्या त्रासिक आवाजात. तिला अर्धं कळलं. अर्ध्यावर वळता आलं असतं, नशीब चांगलं असतं तर काही बिघडलंही नसतं. तिनं विमान नाकासमोर सरळ ठेवलं, रोजची जागा मागं पडू दिली आणि पुन्हा बटण दाबलं. मी शिकाऊ आहे, एकटी आहे, पुन्हा सांगा, सावकाश सांगा, असं तिनं इंग्रजीत त्या सगळ्या ऐकणाऱ्यांसमोर सांगितलं.

मग टॉवरचा आवाज बदलला. एकेक गोष्ट सुटी करून आली. आत्ता वळू नका. सरळ जात राहा. डावीकडं तुमच्यापेक्षा खाली एक विमान उतरायला येतंय. ते दिसलं की सांगा, मग वळा. रोहिणीनं चारही गोष्टी परत म्हणून दाखवल्या. डावीकडं बघितलं, विमान दिसेना. दिसतंय असं म्हणायचा मोह झाला असेल की नाही कोण जाणे, पण ती म्हणाली, दिसत नाही. टॉवरनं दिशा पुन्हा सांगितली. तिनं पुन्हा शोधलं. नांगरलेल्या काळ्या रानावरून एक पांढरा ठिपका सरकत होता. तो दिसल्यावर तिनं सांगितलं, त्याला पुढं जाऊ दिलं आणि मग वळली.

उतरताना चाकं मात्र आपटली. इतके दिवस हलकेच टेकवणाऱ्या पोरीनं नेमकी त्या दिवशी अशी आपटली की विमान एकदा उडून पुन्हा बसलं. नीलम मॅडम हँगरपाशी उभ्या होत्या, त्या हसल्या. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्याला भिजवायच्या रिवाजाप्रमाणं पोरांनी दोन बादल्या पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मॅडमनी फाइल मागवली, आपलंच जुनं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि खाली तारीख घालून सही केली. तेविसाव्या तासाला पंडित गेटमनची पोरगी एकटी जाऊन आली होती.

ओल्या कपड्यांनीच तिनं आईच्या मोबाईलवर फोन लावला. पंडित ड्यूटीवर होता. कुसुमबाईनं अंगणवाडीतच उचलला, ऐकलं, आणि आधी रडली. मग डोळे पुसून तिनं विचारायचं तेच विचारलं, की सगळं बराबर झालं ना, कुठं अडखळली न्हाईस ना, कुणी काही बोललं न्हाई ना.

रोहिणीला आईपासून ते लपवायचं नव्हतं. “अडखळले की,” ती म्हणाली. “काय सांगितलं तेच कळलं न्हाई मला. दोनदा विचारलं, आई. वर बी सगळ्यांनी ऐकलं, खाली बी ऐकलं.”

रोहिणीला वाटलं आई नाराज झाली. इतक्या वर्षांची शिकवण पोरीनं आभाळात जाऊन मोडली, नाराज होणारच. अंगणवाडीतल्या लेकरांचा गलका तेवढा ऐकू येत होता. कुसुमबाई बहुतेक उठून बाहेर आली, कारण गलका कमी झाला, आणि मग ती दबक्या आवाजात बोलायला लागली.

“रोहिणी, ते मोबाईलमधी लेकरांचं वजन-उंची भरायचं असतं बघ. कोणतं लेकरू खंगायलंय ते त्याच्यावरून कळतं म्हणं. चार साल झाले. मला ते येत न्हाई. दरवेळी बैठकीत आमच्या सुपरवायझर मॅडम विचारतात, समजलं का सगळ्यांना, अन् मी हो म्हणती. मग कुणाच्या तरी पोरीकडून भरून घेती. बराबर भरलं का चूक, ते बी मला कळत न्हाई.”

ही गोष्ट तिच्या आईनं घरातल्या घरातसुद्धा कधी उघड केली नव्हती.

“उद्या बैठक हाय,” कुसुमबाई म्हणाली. “तीस बाया असतात. विचारू का गं? हसतील का?”

“हसतील आई,” रोहिणी म्हणाली. “तू विचार.”